घरचा तिरंगा : वाचकांचे प्रश्न

घरावर, गॅलरीत किंवा सोसायटीच्या आवारात राष्ट्रध्वज लावण्याविषयी आलेली पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. उत्तरांत दोन गोष्टींचा उल्लेख पुन्हा पुन्हा येईल, म्हणून त्या आधीच सांगतो. पहिली म्हणजे २६ जानेवारी २००२ पासून लागू असलेली 'भारतीय ध्वज संहिता'. तिच्यात डिसेंबर २०२१ आणि जुलै २०२२ मध्ये महत्त्वाचे बदल झाले. दुसरी म्हणजे राष्ट्रीय मानचिन्हांचा अपमान रोखणारा १९७१ चा कायदा. त्यात २००५ मध्ये दुरुस्ती झाली असून त्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नवीन जिंदल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २३ जानेवारी २००४ रोजी निकाल दिला, की मान राखून ध्वज फडकवणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. त्यामुळे 'घरावर झेंडा लावायला परवानगी कुणाची घ्यायची?' या प्रश्नाचं उत्तर इथेच झालं : कुणाचीही नाही.

प्रश्न : बाजारात पन्नास तऱ्हेचे झेंडे मिळतात. चांगला कसा ओळखायचा? खादीचाच घ्यावा लागतो का? (डोंबिवली)

उत्तर : खादीची सक्ती आता नाही. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर हाताने किंवा यंत्रावर विणलेलं सुती, लोकरी, रेशमी, खादी आणि पॉलिएस्टर असं कुठलंही कापड चालतं. प्लास्टिकचा ध्वज मात्र घेऊ नका.

दुकानात घडी पूर्ण उलगडून बघा. लांबी आणि रुंदीचं प्रमाण ३:२ हवं. घरगुती वापराला सोयीचं माप ९०० × ६०० मिलिमीटर, म्हणजे ढोबळमानाने तीन फूट बाय दोन फूट. या मापात प्रत्येक पट्टा २०० मिलिमीटर आणि अशोकचक्राचा व्यास १८५ मिलिमीटर असतो. म्हणजे पांढरा पट्टा चक्राने जवळजवळ भरलेला दिसला पाहिजे. वर-खाली जेमतेम बोटाच्या अर्ध्या जाडीइतकी जागा राहते. स्वस्त झेंड्यांत हटकून चुकतं ते हेच : मोठ्या पांढऱ्या पट्ट्यात वाटीएवढं चक्र. दुसरी चूक आऱ्यांची. आरे २४ हवेत. बोट ठेवून मोजायला अर्धं मिनिट पुरतं. चक्र गडद निळं हवं, काळं किंवा आकाशी नको, आणि दोन्ही बाजूंनी दिसायला हवं. काही झेंड्यांत ते एकाच बाजूला छापलेलं असतं आणि मागून नुसता पुसट डाग दिसतो. छपाई तिरकी झाली असेल तर तीनपैकी एक पट्टा बारीक होतो. घडी घालून पट्टे एकमेकांवर ठेवले की लगेच कळतं.

खादीचा घ्यायचा असेल तर भारतीय मानक ब्युरोच्या 'आयएस १' या मानकाप्रमाणे केलेला मागा. असे ध्वज हुबळीतल्या बेंगेरीच्या खादी केंद्रात होतात आणि आपल्याकडे नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत. तो महाग पडतो, पण त्याची दोरी, शिवण आणि रंग पाहिले की पैसे कशाचे ते कळतं. आमचं मत विचाराल तर वर्षातून दोन दिवस लावायचा असेल तर खादी घ्या. महिनोन्‌महिने गॅलरीत राहणार असेल तर चांगल्या विणीचा पॉलिएस्टर घ्या. पावसात तो लवकर सुकतो आणि वाऱ्याला उशिरा फाटतो.

प्रश्न : आमची गॅलरी ग्रिलने बंद आहे. काठी तिरकी बाहेर काढून ध्वज लावला, तर शेजारी म्हणतात उलटा झाला. सरळ कसा ओळखायचा? शिवाय तो सारखा काठीवरून घसरतो. (ठाणे)

उत्तर : तिरक्या किंवा आडव्या काठीचा नियम असा, की केशरी पट्टा काठीच्या बाहेरच्या टोकाकडे असला पाहिजे, भिंतीकडे नव्हे. काठी उभी धरून ध्वज बरोबर लावा आणि मग ती तशीच बाहेर कलती करा. चूक व्हायचीच नाही. चूक होते ती काठी आधी ग्रिलला आवळून मग हात लांब करून ध्वज ओवण्यामुळे.

काठी नसेल आणि ध्वज ग्रिलवर सपाट लावायचा असेल तर आडवा लावताना केशरी वर. उभा लावायचा झाल्यास, पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी. गॅलरीतला ध्वज रस्त्यावरच्या माणसासाठी असतो, त्यामुळे डावी बाजू त्याची धरायची. घरात उभं राहून पाहिलं तर केशरी तुमच्या उजवीकडे दिसेल, आणि घरातल्या निम्म्या वादांचं मूळ तिथेच असतं.

घसरण्याबद्दल. तयार पॉलिएस्टर झेंड्यांना एका कडेला नुसती पोकळ शिवण असते आणि काठी तिच्यात सैल बसते. काठीच्या वरच्या टोकापासून दोन इंचांवर एक आणि ध्वजाच्या खालच्या कडेशी एक अशी दोन बारीक भोकं पाडा, जाड सुती दोऱ्याने शिवण तिथे काठीला टाचून घ्या. खिळा, स्टेपलर आणि चिकटपट्टी वापरू नका. पिन एका पावसात गंजते आणि पांढऱ्या पट्ट्यावर तांबडा ओघळ उतरतो. हा डाग घालवायला लिंबू-मीठ लावलं तर शेजारचा रंगही जातो.

काठीही तशीच निवडा. लोखंडी सळई गंजते, कच्चा बांबू ओला झाला की पिवळट पाणी सोडतो. ॲल्युमिनियमची किंवा वायरिंगला वापरतात ती जाड पीव्हीसी नळी बरी, दोन ठिकाणी क्लॅम्पने आवळलेली. एकाच क्लॅम्पवर लावली की वाऱ्यात फिरते आणि ध्वज खाली लोंबतो. ९०० × ६०० च्या ध्वजाला काठी ग्रिलच्या बाहेर किमान चार-साडेचार फूट हवी, म्हणजे कापड ग्रिलला, कुंड्यांना, खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांना घासणार नाही. तेवढी जागा नसेल तर ४५० × ३०० चा ध्वज घ्या. लहान ध्वज नीट फडकलेला दिसतो, मोठा गुंडाळलेला दिसतो.

प्रश्न : सूर्यास्ताला ध्वज उतरवलाच पाहिजे ना? आणि आमच्याकडे १५ ऑगस्टला धो धो पाऊस असतो, तेव्हा काय करायचं? (चिपळूण)

उत्तर : घरावरच्या ध्वजापुरता सूर्यास्ताचा नियम जुलै २०२२ पासून बदलला. उघड्यावर किंवा नागरिकाच्या घरावर लावलेला ध्वज आता रात्रंदिवस ठेवता येतो. सरकारी इमारतींचे नियम वेगळे आहेत. ते पाहून आपल्या घराचा अंदाज बांधू नका. तरीही रोज संध्याकाळी उतरवायची सवय असेल तर सोडू नका, कापड दुप्पट टिकतं. चढवताना झपाट्याने, उतरवताना सावकाश, हा क्रम मात्र दोन्हीकडे सारखाच.

साध्या सरीने काही बिघडत नाही. बिघडतं ते संततधारेत. भिजलेली खादी जड होते, वाऱ्याने उडत नाही, काठीला चिकटून राहते आणि तशीच दोन दिवस राहिली की घड्यांमध्ये रंग एकमेकांत उतरतो. फाटका किंवा मळलेला ध्वज लावणं संहितेला मान्य नाही. त्यामुळे वादळी पावसाचा अंदाज असला की ध्वज उतरवून ठेवणं हाच नियमाला धरून वागण्याचा मार्ग आहे. ध्वज काढला म्हणून मान कमी होत नाही. चिंधी झालेला तसाच ठेवला तर होतो.

प्रश्न : खादीचा ध्वज धुवायचा कसा? आणि पावसाळ्यात कपाटात ठेवला की त्यावर काळे ठिपके येतात. (सावंतवाडी)

उत्तर : धुण्याआधी रंग पक्का आहे का बघा. पांढरं सुती फडकं ओलं करून केशरी आणि हिरव्या पट्ट्याच्या आतल्या शिवणीवर मिनिटभर दाबून धरा. फडक्यावर रंग उतरला तर ध्वज पाण्यात घालूच नका. धूळ झटका, मऊ ब्रशने हलकेच साफ करा, डागापुरतं ओलं फडकं टिपा, चोळू नका.

रंग पक्का असेल तर पाच-सहा लिटर गार पाणी, त्यात चमचाभर सौम्य पातळ साबण. ध्वज उलगडलेला असतानाच बुडवा, पाण्यात हाताने हलवा, पाच मिनिटांत बाहेर काढा आणि दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा. बाकीच्या कपड्यांबरोबर नाही, मशीनमध्ये नाही, ब्लीच नाही, पिळायचा तर नाहीच. पिळलं की खादीच्या वीणेत जो मुरडा पडतो तो इस्त्रीनेही जात नाही.

वाळवण्यात खरी गडबड होते. दोरीवर दुमडून टाकला तर वरचा ओला रंग खालच्या पांढऱ्यावर उमटतो. केशरी वर करून टांगला तरी पाणी पांढऱ्यातून वाहतच खाली जातं. म्हणून खाटेवर किंवा टेबलावर स्वच्छ चादर, तिच्यावर टॉवेल, आणि त्यावर ध्वज पूर्ण पसरून, सावलीत. जमिनीवर पसरू नका. धुताना रंग सुटतोय असं दिसलं तर घाबरून तो गोळा करून बाजूला ठेवू नका, त्यानेच डाग पक्का होतो. लगेच टॉवेलवर पसरा, वरून दुसरा टॉवेल दाबून पाणी टिपून घ्या.

इस्त्री किंचित दमट असताना. चक्र छापील असेल तर त्यावर पातळ फडकं ठेवून. पॉलिएस्टरला इस्त्री अगदी मंद, नाहीतर कापड चकाकतं आणि आकसतं, आणि मग ३:२ चं प्रमाण विसरा.

काळे ठिपके बुरशीचे. कारण दोन : पूर्ण न वाळलेलं कापड आणि प्लास्टिकची पिशवी. कोकणात हवेतच इतकी ओल असते की पिशवीत ती कोंडून राहते. ध्वज पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा, वरच्या कप्प्यात, भिंतीला न टेकवता ठेवा, आणि पावसाळ्यात उघडीप मिळाली की अर्धा तास वाऱ्यावर उलगडा. खळ देऊन ठेवू नका. खळीच्या वासाने कसर लागते. डांबराच्या गोळ्या ठेवायच्याच असतील तर वेगळ्या पुरचुंडीत, कापडाला लागू देऊ नका.

घडी अशी. ध्वज आडवा पसरा. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या मागे दुमडा, पण वर दोन बोटं केशरी आणि खाली दोन बोटं हिरवं दिसत राहील इतकं ठेवून. मग डावी-उजवी टोकं मागे घ्या, लांब उरली तर आणखी एकदा मोडा, म्हणजे समोर फक्त चक्र आणि त्याच्या वर-खाली रंगांची किनार राहील. ही घडी तळहातांवर किंवा हातांवर आडवी घेऊन कपाटापर्यंत न्यायची. काखेत मारून नव्हे. पुढच्या वेळी मोडीच्या रेषा थोड्या सरकवा. त्याच त्या रेषेवर वर्षानुवर्षं मोडलेलं कापड तिथेच विरतं.

प्रश्न : सोसायटीत २६ जानेवारीला फुलं घालून ध्वज वर बांधतो आणि पाहुण्यांनी दोरी ओढली की तो उघडत नाही. दोन वर्षं वॉचमनला शिडी लावून चढावं लागलं. कुठे चुकतं? (नाशिक)

उत्तर : शंभरातल्या नव्वद वेळा निरगाठ. बांधणारा ध्वज सुटू नये या काळजीने बांधतो, आणि तो सुटतच नाही. इथे सुरगाठही नको. नुसता खोचलेला फास हवा.

ध्वजाच्या दोरीकडच्या कडेला वर लाकडाची लहान गुल्ली असते आणि खाली दोरीचं टोक किंवा फास. खांबाच्या दोरीचं जे टोक कप्पीकडे वर जातं त्याला गुल्ली, म्हणजे केशरी बाजू. जे खाली हाताशी येतं त्याला हिरवी बाजू. ध्वज उलटा चढण्याचे प्रकार इथेच होतात, म्हणून गुंडाळण्याआधी दोरी जोडून, उलगडा ध्वज हातभर वर नेऊन केशरी वर आहे हे डोळ्यांनी बघा. मग खाली घ्या.

आता दोघांनी ध्वज जमिनीला न लावता आडवा ताणून धरा. लांबीत अर्धा दुमडा, पुन्हा अर्धा, म्हणजे चौथाई रुंदीची पट्टी होईल. मोकळ्या टोकाकडून दोरीच्या कडेपर्यंत झिगझॅग चुण्या घालत या, साडीच्या निऱ्या घालतात तशा. गुंडाळी करू नका. गुंडाळी वाऱ्यात एकेक वेढा सोडत उलगडते, चुण्या एका झटक्यात पडतात. फुलं शेवटच्या दोन चुण्यांत, मूठभर. राष्ट्रीय सणाला पाकळ्या ठेवायला संहितेची हरकत नाही, पण जास्त भरल्या की गाठोडं फुगतं आणि फास आवळला जातो. झेंडूच्या पाकळ्या पूर्ण कोरड्या घ्या. बाजारातली पाणी मारलेली फुलं पांढऱ्या पट्ट्यावर पिवळे-तपकिरी डाग सोडतात, ते निघत नाहीत.

मग हिरव्या बाजूला जोडलेली, खाली येणारी दोरी घ्या, ध्वजाच्या जवळ. तिचे गाठोड्याभोवती दोनच वेढे द्या, आणि त्याच दोरीचा एक दुहेरी पेड वेढ्यांखाली खोचा, चार बोटं बाहेर राहील इतका. मोकळं टोक खोचायचं नाही, मधला दुमडलेला भाग खोचायचा. खालून दोरी ओढली की हा पेड सरकून बाहेर येतो, वेढे सुटतात, ध्वज मोकळा होतो. वर नेताना ओढ फक्त केशरी बाजूच्या दोरीवर ठेवा, खालची सैल सोडा. खालची ताणलीत तर ध्वज अर्ध्या वाटेतच उघडेल.

दोरीही बघा. नायलॉनची गुळगुळीत असते, पेड आपोआप सुटतो. तिला तीन वेढे द्या. सुती दोरी दवाने फुगते आणि घट्ट बसते. रात्री बांधून ठेवलेला ध्वज सकाळी न उघडण्याचं हे ठरलेलं कारण. म्हणून बांधणी त्याच सकाळी, अर्धा तास आधी. रंगीत तालीम आदल्या दिवशी, फुलांसकट, कारण फुलांशिवाय उघडलेला ध्वज फुलांसह उघडेलच असं नाही. कप्पीला तेलाचे दोन थेंब द्या, जास्त नकोत, ते दोरीवरून ध्वजावर येतात.

आणि पाहुण्यांना आधी सांगा : एकच सरळ, खालच्या दिशेला झटका. बावरून दोन्ही दोऱ्या एकदम ओढल्या जातात, तेव्हा सर्वोत्तम बांधणीही उघडत नाही.

प्रश्न : गच्चीवर भगवा झेंडा कायम असतो. त्याच्या शेजारी तिरंगा लावला तर चालेल का? आणि पाडव्याला त्याच गॅलरीत गुढी उभारायची असेल तर? (कोल्हापूर)

उत्तर : एकाच काठीवर दोन ध्वज कधीच नाहीत, मग दुसरा कुठलाही असो. राष्ट्रध्वजापेक्षा उंच किंवा त्याच्या बरोबरीने खेटून दुसरा ध्वज किंवा पताका असू नये. गच्चीवर तिरंग्याचा खांब वेगळा घ्या, उंच घ्या, मध्ये चांगलं अंतर सोडा. भगव्याची काठी खाली करायला लोक नाखूश असतात, तेव्हा तिरंग्याचा खांब वाढवणं सोपं पडतं.

गुढी हा ध्वज नव्हे, पण ध्वजाच्या खांबावर किंवा त्याच्या वर काहीही ठेवू नये, हार-फुलंसुद्धा, असं संहिता सांगते. तेव्हा गुढी तिरंग्याच्या काठीला बांधू नका, तिच्यावरून जाऊ देऊ नका. गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला उभारा. गॅलरी अगदीच लहान असेल तर पाडव्यापुरता तिरंगा घडी करून आत ठेवा. दोन्ही गोष्टी नीट होतील.

प्रश्न : तिरंगी रांगोळी, केक, साडी, गणपतीची आरास. यातलं काय चालतं? (सांगली)

उत्तर : कायद्यात 'ध्वज' म्हणजे फक्त कापड नाही. त्याचं चित्र, नक्षी किंवा दिसणारं कुठलंही रूप, त्याच्या एखाद्या भागाचंही, त्यात येतं. म्हणून नुसते तीन रंग आणि चक्रासह तिरंगा यांत फरक करून चाला. केशरी-पांढऱ्या-हिरव्या फुलांची आरास म्हणजे सजावट. चक्र असलेलं कापड मखराला, चौरंगाला किंवा व्यासपीठाला लपेटलं तर ते नियमात बसत नाही.

रांगोळी फाटकाच्या तोंडाशी काढली की तुडवली जाते, आणि ध्वज तुडवणं हे कायद्यातलं थेट कलम आहे. चक्र न काढता, जाण्या-येण्याच्या वाटेच्या बाहेर काढा. साडी किंवा कपडे : ध्वजाची प्रतिमा कमरेखाली नको, रुमाल, उशा, हातपुसणी आणि कपड्यांच्या छपाईत तर नकोच. केकबद्दल मद्रास उच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये, चक्रासह तिरंगी केक कापणं हा या कायद्याखालचा गुन्हा नाही असं ठरवलं. म्हणजे पोलिस येणार नाहीत. तरी चक्रावर सुरी चालवण्याची हौस आम्हाला समजत नाही.

प्रश्न : गाडीवर तिरंगा लावता येतो का? (लातूर)

उत्तर : मोटारीवर ध्वज लावण्याचा मान राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल, पंतप्रधान, मंत्री अशा ठरावीक पदांनाच आहे. बॉनेटवर, टपावर किंवा मागे ध्वज अंथरणं तर १९७१ च्या कायद्यातच मनाई आहे. मोटरसायकलला बांधलेल्या झेंड्याचं काय होतं तेही बघा : वेगाच्या वाऱ्यात दोन तासांत कड विस्कटते आणि टोक चाकात जातं. मिरवणुकीत मागे बसलेल्याने लहान कागदी ध्वज हातात धरावा. कार्यक्रम संपल्यावर ते गोळा करायची जबाबदारी आधीच कुणावर तरी टाका, कारण कागदी ध्वजही रस्त्यावर टाकायचा नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. १५ ऑगस्टला भारताचा आणि अमेरिकेचा ध्वज एकत्र लावायचा आहे. (एडिसन)

उत्तर : राहता त्या देशाचा नियम आधी. अमेरिकेच्या ध्वजनियमाप्रमाणे दोन देशांचे ध्वज वेगळ्या काठ्यांवर, सारख्या उंचीवर आणि साधारण सारख्या आकाराचे हवेत. अमेरिकेचा ध्वज त्याच्या स्वतःच्या उजव्या बाजूला, म्हणजे रस्त्यावरून पाहणाऱ्याच्या डावीकडे. भारतात हेच उलट असतं, तिथे उजवी बाजू तिरंग्याची. अडचण मापाची येते. तिकडे ३ × ५ फुटांचा ध्वज सर्रास मिळतो, आपलं प्रमाण ३:२. ५ × ३ फुटांत छापलेला तिरंगा घेऊ नका. १३५० × ९०० मिलिमीटरचा घ्या, उंची जवळपास जुळते.

प्रश्न : घरात दुःखद प्रसंग झाला तर ध्वज अर्ध्यावर आणावा का? आजोबा सैन्यात होते, त्यांच्या अंत्ययात्रेत तिरंगा पांघरता येईल का? (सातारा)

उत्तर : अर्ध्यावर आणण्याचा निर्णय सरकारचा असतो, घराचा नाही. घरचा ध्वज हवं तर उतरवून ठेवा. तिरंगा पांघरणं हे शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी इतमामातल्या अंत्यसंस्कारापुरतं आहे. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी लगेच बोला. इतमाम मंजूर झाल्यास केशरी पट्टा डोक्याकडे असतो आणि ध्वज चितेत किंवा दफनात जात नाही, आधी काढून घेतात.

प्रश्न : २०२२ च्या 'हर घर तिरंगा'पासूनचे तीन-चार ध्वज घरात आहेत. काहींच्या कडा विस्कटल्या, एक फाटला. दुरुस्त करावेत की नष्ट? नष्ट कसे करायचे? (अकोला)

उत्तर : आधी कड बघा. ध्वज नेहमी मोकळ्या, काठीपासून दूरच्या कडेला विरतो, कारण वाऱ्याचा फटका तिथेच बसतो. नुसती शिवण उसवली असेल तर त्या रंगाच्या दोऱ्याने तिथल्या तिथे दुहेरी टीप घाला : केशरीवर केशरी, पांढऱ्यावर पांढरा, हिरव्यावर हिरवा. नवा ध्वज लावायच्या आधीच मोकळ्या कडेच्या दोन कोपऱ्यांवर अशी टीप मारून घेतली तर तो बराच जास्त टिकतो.

पण विरलेला भाग कापून नवी कड शिवायची नाही. ९०० × ६०० चा ध्वज दहा सेंटिमीटर कापला की ८०० × ६०० होतो. प्रमाण जातं आणि चक्र मध्यावरून सरकतं. ठिगळही नाही. म्हणजे फाटलेला, खूप फिकटलेला किंवा डाग न जाणारा ध्वज वापरातून काढायचाच.

संहिता म्हणते : खासगीत, अखंड, शक्यतो जाळून किंवा ध्वजाचा मान राखणाऱ्या दुसऱ्या रीतीने. 'अखंड' महत्त्वाचं. फाडून, तुकडे करून, पट्टे वेगळे करून नाही. जुना झेंडा पुसणं म्हणून वापरणं तर सोडाच.

सुती आणि खादीचा ध्वज जाळणं सोपं. आधी गुल्ली, दोरी, धातूच्या कड्या काढा. वर सांगितलेली घडी घाला. उघड्या जागी, वारा नसताना, लोखंडी घमेल्यात किंवा मातीच्या कुंडीत खाली थोडी वाळकी लाकडं नीट पेटू द्या आणि मग घडी ठेवा. पेटलेल्या कोपऱ्याने हातात धरून जाळू नका. जाड घडी बाहेरून काळी होऊन आत तशीच राहते, म्हणून शेवटपर्यंत थांबा आणि काठीने हलवून पूर्ण राख झाली का पाहा. राख गार झाल्यावर झाडाच्या मुळाशी किंवा बागेत पुरा. कचऱ्यात टाकू नका.

पॉलिएस्टर मात्र घरी जाळू नका, फ्लॅटच्या गॅलरीत तर मुळीच नाही. ते जळण्याआधी वितळतं, पेटते थेंब खाली पडतात, धूर घशाला लागतो आणि शेवटी काळा कडक गोळा उरतो. याला मान राखणं म्हणता येणार नाही. स्वच्छ धुवून, घडी करून, सुती कापडात गुंडाळून हाताभर खोल खड्ड्यात पुरा, जिथे पुन्हा खणलं जाणार नाही अशा जागी. पॉलिएस्टर कुजत नाही, त्यामुळे वरवर पुरलेलं पहिल्या पावसात वर येतं. जागा नसेल तर काही महापालिका आणि सामाजिक संस्था १५ ऑगस्टनंतर जुने ध्वज गोळा करतात; आपल्या प्रभाग कार्यालयात चौकशी करा, आणि ते दिवस येईपर्यंत ध्वज घडी घालून कपाटातच राहू द्या. तुमच्या चारपैकी जे नुसते उसवले आहेत त्यांना टीप घालून घ्या आणि एक कायमचा बाजूला ठेवा, कारण ऐन १४ ऑगस्टच्या संध्याकाळी दुकानात उरतात ते वाटीएवढ्या चक्राचेच.